गायरान पडीक नाही, ते आमचं भांडवल आहे



साहेबांच्या बोलण्यात गायरान म्हणजे पडीक जमीन. विदर्भात तिलाच आपण ई-क्लास म्हणतो. आम्ही विचारतो, पेरणी झाली, बांधापर्यंत पीक उभं राहिलं, की बैल, गाय, शेळी चरायची कुठे?

हिशेब मांडू. शेतात ज्वारी होती तोवर कडबा घरचा होता. ज्वारीची जागा कापूस-सोयाबीनने घेतली. पऱ्हाटी चुलीत जाते, दावणीत नाही. कापूस बुडाला तर शेळी विकून पोराची फी भरतो. बैल जगला तर पेरणी वेळेवर होते. शेणखत असलं तर खताची गोणी कमी लागते. या सगळ्यामागे गायरानाचा चारा आहे. तो कुणाच्या हिशेबात नाही, म्हणून लुटणं सोपं.

1966 च्या महसूल संहितेच्या कलम 22 मध्ये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद आहे. 28 जानेवारी 2011 ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून गावाला द्या, असं बजावलं. भूमिहीन आणि दलितांना सरकारने दिलेल्या पट्ट्यांना त्याच निकालात अपवाद आहे. तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये ज्यांच्यासाठी सत्याग्रह केला, त्या भूमिहीनाशी आमचं भांडण लावू नका. त्याच्या झोपडीला अतिक्रमण म्हणायचं आणि पुढाऱ्याच्या तारेच्या कुंपणाकडे पाहायचं नाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

आता सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानं जात आहेत. दिवसा वीज आम्हालाही हवी. पण खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, आणि गायरान नाममात्र भाड्यात! आमच्या गुरांच्या तोंडचा घास इतका स्वस्त?

गायरान एकदा गेलं की परत येत नाही. पुण्यात विश्रांतवाडीला जाऊन पाहा. शेजारची कळस, धानोरी ही एके काळची गावं. आज तिथे इमारतीला इमारत लागली आहे, गुराला उभं राहायला जागा नाही.

म्हणून आमच्या मागण्या :
1. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गायरानाचा एक गुंठाही देऊ नये.
2. मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. अतिक्रमण हटवायची सुरुवात मोठ्यांपासून करावी.
3. जमीन घेतलीच तर तेवढीच चराई त्याच गावात द्यावी.

जिल्हा बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. तलाठ्याकडून आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढून आणा. किती होतं, किती उरलं, कुणी खाल्लं, ते सर्वांसमोर वाचू.