फसलेल्या प्रयोगांची वहीही उघडा

शीव कोळीवाड्याच्या एका अंगाला लोकमान्य टिळक रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला वडाळ्याचे १८९० सालचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय, आणि थोडे दक्षिणेला परळ: हाफकिन, केईएम, टाटा. एवढ्याशा पट्ट्यात जीववैद्यकाचे इतके मोठे काम झाले आहे आणि आजही चालू आहे. तरीही इथल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला संशोधन विभाग येतो तो भेटीपुरता. एम.एस्सी.ची किंवा एमबीबीएसची तुकडी येते, उपकरणांची ओळख होते, एक ठरलेले प्रात्यक्षिक होते, अपेक्षित उत्तर येते, जर्नलवर सही होते. ज्या प्रश्नावर तो विभाग तीन-चार वर्षे झटतो आहे, त्याची विद्यार्थ्याला गंधवार्ताही नसते.

संशोधन विभागाने शिकवायचे ते मुख्यतः हेच, असे आमचे ठाम मत आहे: न सुटलेला प्रश्न, आणि तो सोडवताना चुकलेल्या वाटा.

कुष्ठरोगाच्या जंतूचे उदाहरण घेऊ. हॅन्सनने तो १८७३ मध्ये पाहिला. त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण १२ ते १४ दिवस लागतात आणि कृत्रिम माध्यमावर तो आजवर वाढलेला नाही. वर्गात हे एका वाक्यात उरकते. पण १९५८ मध्ये परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी लेप्रोमॅटस कुष्ठरोग्याच्या ऊतीतून, मानवी गर्भाच्या चेतापेशींच्या संवर्धनाचा आधार घेऊन, एक ॲसिड-फास्ट जंतू वाढवला. तो आयसीआरसी बॅसिलस म्हणून ओळखला जातो. हाच कुष्ठरोगाचा जंतू का? पुढच्या तपासण्यांनी त्याला एव्हियम-इंट्रासेल्युलारे गटात बसवले. म्हणजे तो वेगळाच निघाला. गोष्ट तिथे संपली नाही. त्याचे काही प्रतिजन कुष्ठरोगाच्या जंतूशी जुळणारे होते, म्हणून डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी त्यापासून लस तयार केली. तामिळनाडूतल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले: या लशीने सुमारे ६५.५ टक्के संरक्षण दिले, नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के.

या एका कहाणीत सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र आणि संख्याशास्त्र तिन्ही आहेत. ॲसिड-फास्ट असणे म्हणजे जातीची ओळख पटणे नव्हे. रुग्णाच्या ऊतीतून जंतू वाढला म्हणून तोच रोगाचे कारण ठरत नाही. बीसीजीचा गट शेजारी नसता तर ६५ या आकड्याला काय अर्थ राहिला असता? विद्यार्थ्यांना १९५८ पर्यंतचीच हकीकत सांगावी, पुढची राखून ठेवावी, आणि ‘तुम्ही आता कोणती चाचणी कराल’ ते लिहून मागावे. ज्यांची उत्तरे चुकतील त्यांचे गुण कापू नयेत. ज्यांनी उत्तर कारणाशिवाय लिहिले असेल त्यांचे मात्र जरूर कापावेत.

याच प्रयोगशाळेतल्या कमल रणदिवे मुळात वनस्पतींच्या अभ्यासक, एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या, आणि पुढे त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. विद्यार्थ्याची पदवी कोणत्या विषयाची, हे पाहून दार लावून घेणाऱ्या विभागांनी हे ध्यानात ठेवावे.

जुनी कहाणी नको असेल तर शीवलाच चालते काम आहे. लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दुग्धपेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात. त्याने एचआयव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस निष्क्रिय होतात, बॅसिलसचे बीजाणू मात्र तग धरतात. स्रावी आयजीए बऱ्यापैकी टिकते, लायपेज जवळजवळ नष्ट होते, ऑलिगोसॅकराइड्सना धक्का लागत नाही. मग लायपेज नसलेले दूध पिणाऱ्या, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे मेद कसे पचते? जीवरसायनशास्त्राचा हा प्रश्न वॉर्डातल्या बाळाच्या वजनाशी थेट जोडलेला आहे. तो शिकवायला वेगळे उपकरण लागत नाही. तीन विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून वेळापत्रक आखावे लागते, आणि अडते ते तिथेच.

वेळेची तक्रार खरी आहे, ती आम्ही झटकून टाकत नाही. संशोधकाची बढती शोधनिबंधांवर, शिक्षकाची तासांवर. विद्यार्थ्याला शेजारी बसवून कच्ची नोंद वाचायला शिकवण्याचे काम दोन्ही हिशोबांत बसत नाही. विद्यापीठाने आणि महापालिकेच्या महाविद्यालयांनी ते कामाच्या तासांत धरलेच पाहिजे. आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. दोन महिन्यांत प्रश्न सुटत नाही, पण तो आटोपशीर कसा करायचा हे शिकता येते. अट एवढीच, की मार्गदर्शकाने ‘रिझल्ट आला पाहिजे’ हा धाक घालू नये. त्या धाकातूनच आकडे वाकवायची सवय लागते, आणि पदव्युत्तर प्रबंधापर्यंत ती हाडीमाशी मुरते.

नवी तुकडी आली की पहिल्या तासाला विभागाची एखादी फसलेली प्रयोगमालिका टेबलावर ठेवावी: मूळ नोंदी, खाडाखोड, कंट्रोल बिघडला तो दिवस, सगळे. रुग्णांची नावे तेवढी झाकावीत. असे तास जे शिक्षक घेत असतील त्यांनी आपल्या वर्गाचा तपशील, न जमलेल्या भागासह, आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकापासून त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.