भाडे छपरापर्यंत पोचते का?

जुन्या दगडी इमारतीत कॉफीचे दुकान निघाले की 'वारसा बाजारात मांडला' अशी कुरकुर ठरलेली. मुंबईच्या फोर्ट भागापुरते बोलायचे तर ही कुरकुर उलट्या टोकाने सुरू होते. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, पहिल्यापासून धंद्याचीच जागा. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आला; 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात पहिल्यांदा दिसली ती इथेच. पुढे त्यात वकिलांची नि छोट्या व्यापाऱ्यांची कार्यालये आली. वापर कधी थांबला नाही, तरी 2005 मध्ये काही भाग कोसळून एकाचा जीव गेला आणि 2019 मध्ये इमारत रिकामी करावी लागली. तेव्हा नुसत्या वापराने वास्तू वाचते, हेही खरे नाही.

कारण भाड्यात आहे. 1947 च्या कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. त्या पैशांत गच्चीची गळती थांबवणेही मालकाला परवडेना, आणि भाडेकरूने तरी दुसऱ्याच्या छपरावर खर्च का करावा? भिंतीत पिंपळ उगवतो, पावसाळ्यापुरती ताडपत्री चढते. 1999 च्या कायद्याने एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळले. म्हणूनच 2012 मध्ये हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्स, 2017 मध्ये हुतात्मा चौकातल्या इस्माइल बिल्डिंगमध्ये झारा, अशा बाजारभावाने भाडे देऊ शकणाऱ्या भाडेकरूंची मला अडचण वाटत नाही. अडचण वाटते ती तळमजला चकाचक आणि वर गळती, या सोयीस्कर वाटणीची. परवानगीतच लिहून घ्यावे की भाड्याचा ठरलेला हिस्सा छप्पर, पन्हळी आणि जिना यांवरच खर्च होईल. आणि काम जाणकाराच्या हातचे हवे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल आतच कोंडते. एसीच्या ब्रॅकेटसाठी दगडात ठोकलेला लोखंडी बोल्ट गंजून फुगतो आणि दगड फोडतो.

अशाने वारसा श्रीमंतांपुरता उरेल, हा आक्षेप आहेच. पण वॉटसन हॉटेलात प्रवेश फक्त युरोपियनांना होता. या इमारतींचे आतले दालन सर्वांचे कधी नव्हतेच. सर्वांची होती ती बाहेरची कमानींखालची वाट. हॉर्नबी रोडच्या, म्हणजे आताच्या दादाभाई नौरोजी रोडच्या इमारतींना ती 1896 च्या नियमानेच सोडावी लागली. ती अडवून कोणी टेबले मांडली, तर मात्र गप्प बसू नये. जुन्या भाडेकरूंचा प्रश्न याहून अवघड. वरच्या मजल्यावरच्या टंकलेखकाला हुसकावून तळमजल्याला मिळालेले भाडे कोणत्याही छपराला लागू नये. त्याचा करार आधी, दुकानाची परवानगी नंतर.