जात कुठली, नर की मादी?

आषाढातल्या झडीत शहापूरच्या एका भाजीगाडीखाली चिंगी मला सापडली. वीतभर जीव. एक कान उभा, एक पडलेला. आज ती सहा महिन्यांची आहे. चपला पळवते, स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरते, दमली की माझ्या पायावर मान टाकून झोपते. घरात आधीच दोन म्हातारी कुत्री आहेत, म्हणून तिच्यासाठी घर शोधते आहे.

समाजातल्या अकरा घरी विचारून झालं. पहिला प्रश्न ठरलेला : "जात कुठली?" मिश्र म्हटलं की, "म्हणजे गावठीच की!" दुसरा प्रश्न : "नर की मादी?" मादी म्हटलं की दार लोटलं जातं. "पिल्लं घालत बसंल बाई, कोण निस्तरणार?"

बायांनो, हे दोन प्रश्न ओळखीचे वाटत नाहीत? दुसरा आपल्या जन्माच्या वेळी विचारला गेला, पहिला लग्नाच्या वेळी. आणि आज तेच आपण एका पिल्लाला विचारतो!

पिल्लांची भीती असेल तर नसबंदी एकदाच करावी लागते. ती मी करून देते. रेबीजची लस टोचली आहे, पुढे दरवर्षी टोचायची. आणि जातिवंताचं कौतुक कशाला सांगता? पैसे मोजून आणलेल्या पगला चपट्या नाकामुळे धड श्वास घेता येत नाही. ते दुखणं माणसाच्या हौसेनं दिलेलं आहे.

एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे मुनींचा आहार होतो, शुद्धी कशी राहील?" काकू, चौक्याचा उंबरा कुत्र्याला शिकवता येतो. माझी दोन्ही शिकली. मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार ऐकवणारा जीवंधरकुमार आपण पोरांना सांगतो. तो कुत्रा पुढं सुदर्शन यक्ष झाला. जीवंधरानं त्याची जात विचारली नव्हती.

पांजरपोळीची पावती फाडली म्हणजे जीवदया संपत नाही. ती आपल्या दारातही उभी असते.

पण गच्चीवर साखळीला बांधून ठेवणार असाल तर चिंगीला नेऊ नका. बंध आणि अन्नपाननिरोध हे अहिंसाणुव्रताचे अतिचार आहेत, ते काही गाईबैलांपुरते नाहीत. तिला रोज दोनदा फिरवणारं, खेळणारं, रात्री आत झोपू देणारं माणूस हवं.

बघायला या. चपला मात्र उंचावर ठेवा.