शासनसेवेतील वैद्य : निवड कोणत्या निकषावर?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा भरपूर अनुभव, दक्षता आणि शुचिता. शासनसेवेत वैद्य नेमताना यांपैकी किती गुण पारखले जातात, याचा विचार आपण करावयास हवा.

राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत समान संधीची हमी दिली आणि ३१५ व्या अनुच्छेदाने लोकसेवा आयोगांची तरतूद केली. वशिल्याने नव्हे, तर खुल्या स्पर्धेतून निवड व्हावी, हा त्यामागील हेतू. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांची दारे आयुष वैद्यांना अधिक प्रमाणात खुली झाली. परंतु बहुतांशी करारावर.

मीही तरुणपणी असा करार केला होता. एकदा पुरवठ्यात मुदत संपत आलेली चूर्णे आली. तक्रार ज्यांच्याकडे करावयाची, त्यांच्याच सहीने माझ्या कराराचे नूतनीकरण होणार होते. मी गप्प राहिलो. त्याची लाज आजही वाटते. ज्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याच्या शुचितेची अशी परीक्षा होते.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ‘उमादेवी’ खटल्यात, नियमित निवडप्रक्रियेविना नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरविले. २०२४ मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात, त्या निकालाची ढाल करून दीर्घकाळ राबणाऱ्यांचे न्याय्य दावे डावलता येणार नाहीत, असेही बजावले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले पाहिजेत.

म्हणूनच ‘सर्वांना सरसकट कायम करा’ ही आपल्या व्यासपीठावरील मागणी मला अपुरी वाटते. तिने आजच्या कंत्राटी बंधुभगिनींना दिलासा मिळेल. पण उद्या पदवी घेणाऱ्यांसाठी दार बंद होईल आणि कराराची रीत तशीच राहील. त्याऐवजी, रिक्त पदांसाठी दरवर्षी ठरल्या वेळी खुली निवड व्हावी. कंत्राटी सेवेला वयात सवलत व गुणांत वाटा मिळावा. आणि परिविक्षाकाळात प्रत्यक्ष कामाची कसून पारख व्हावी, अशी मागणी आपण करावी. लेखी परीक्षेने चारांपैकी पहिलाच गुण कळतो. उरलेले तीन रुग्णाच्या शेजारीच दिसतात.

व्यवसायबंधूंना हे मत रुचेलच असे नाही. परंतु पथ्य रुचकर नसले, तरी ते सांगणे वैद्याचे कर्तव्यच आहे.