मलम लावलं म्हणजे दुखणं गेलं नव्हे!



गळीत हंगाम सुरू झाला की कोपर नाहीतर खांदा धरून बसलेली माणसं फडाफडांत दिसतात. कोयता चालवून, मोळ्या उचलून स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, दुखावते. मग किराणा दुकानातून आणायची वेदनाशामक गोळी, अन् ती बी उपाशीपोटी!

आमचं स्पष्ट मत असं की, रोज गोळी गिळण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून डायक्लोफेनॅकचं मलम लावावं. गोळीच्या मानानं त्यातलं फारच थोडं औषध रक्तात उतरतं. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन गोळ्या खात राहिलं तर पोटात व्रण पडू शकतो, मूत्रपिंडालाही इजा होते.

पण मलमावर विसंबू नका. जुनाट दुखण्यात सूज थोडी आणि कंडरेच्या तंतूंची झीज जास्त असते. मलम काही दिवस कळ दाबतं, झीज भरून काढीत नाही. खांदा सुजलेल्या बैलाला तेल चोळून लगेच कोणी जू लावतं का? मग स्वतःच्याच हातावर जुलूम कशाला?

कोपरासाठी हात टेबलावर पालथा ठेवून, मनगट कडेबाहेर काढावं. अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून मनगट वर न्यावं, सावकाश खाली आणावं. वजन हळूहळू वाढवावं. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. धीर सोडू नये.

संचालक मंडळानेही हंगामात तोडणी टोळ्यांच्या तळावर व्यायाम शिकवणारा जाणकार पाठवावा. ऊस तोडणारा हात शाबूत, तर गाळप शाबूत!

— एक सभासद