खाडी वर्सोव्याची, भरपाई चंद्रपूरची!

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्या सरकारी कारभाराला किती चपखल बसते, याचा प्रत्यय वर्सोवा ते भाईंदर या नियोजित सागरी किनारा मार्गाच्या निमित्ताने पुन्हा एकदा येत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मार्गाला परवानगी दिली. बाधित होणाऱ्या खारफुटीच्या झाडांची संख्या ४५ हजारांहून अधिक आहे. बदल्यात तिप्पट खारफुटी लावण्याची हमी आहे. पण वळत्या होणाऱ्या वनजमिनीच्या मोबदल्यात वनीकरण कुठे होणार? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, चंद्रपूर जिल्ह्यात!

उपनगरांतील रहिवासी दररोज वाहनांच्या रांगांत ताटकळतो. त्याला रस्ता नको, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. वाद रस्त्याचा नाही, हिशेबाचा आहे.

खारफुटी म्हणजे केवळ झाडे नव्हेत. दिवसातून दोनदा येणारी भरती, तिच्यासोबत येणारा गाळ, त्या गाळातील खेकडे, निवट्या आणि मुळांच्या आडोशाने वाढणारी कोळंबीची पिल्ले, असा तो एकसंध संसार असतो. पिढ्यान्‌पिढ्या कोळी बांधवांची चूल त्याच्या आधारावर पेटत आली आहे. पावसाळ्यात शहराचे पाणी पोटात घेणारी जागाही हीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा भरावांनी आक्रसलेल्या मिठी नदीने काय हाहाकार माजविला, हे मुंबईकर विसरलेला नाही. चंद्रपूरचे रोप उद्या डेरेदार झाले, तरी ते वर्सोव्याच्या भरतीला आवर घालणार आहे काय?

दोष एकट्या अधिकाऱ्यांचा नाही. पळवाट नियमातच आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने रस्त्यासाठी नष्ट होणाऱ्या खारफुटीच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवडीची अट घातली खरी. पण ती लागवड ‘अन्यत्र’ करण्याची मुभाही दिली. सारी मेख या एका शब्दात आहे. ‘अन्यत्र’ म्हणजे कुठे? त्याच खाडीत, की जिथे मोकळी जमीन हाताला लागेल तिथे?

हा खेळ अमेरिकेनेही खेळून पाहिला आहे. तेथे १९७२ च्या कायद्याने पाणथळ जागेत भराव टाकण्यापूर्वी परवानगी घेणे बंधनकारक केले. आधी हानी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा आणि त्यानंतर जी उरेल तिचीच भरपाई करा, असा क्रम पुढे ठरला. पाणथळींत एकूण घट होऊ द्यायची नाही, अशी घोषणाही झाली. तरीही २००१ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने स्पष्ट निष्कर्ष काढला, की पाणथळ जागा जे कार्य करतात, त्यातील घट थांबलेली नाही. क्षेत्रफळाची बेरीज जुळली म्हणून निसर्ग जुळत नाही!

मार्ग नाही, असे मात्र नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या चिखलपट्ट्यावरून गेला, तो खांबांवर. खाली भरतीचे पाणी खेळते राहिले. रोहित पक्ष्यांचा विचार करून तेथे ध्वनिरोधक बसविण्यात आले. पाण्याची वाट अडली की काय होते, तेही नवी मुंबईने पाहिले. नेरुळच्या तलावात येणारा भरतीचा प्रवाह खुंटला आणि रोहितांचे चराऊ पाणी आटले. नागरिकांनी आवाज उठविल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून राज्य वन्यजीव मंडळाची मान्यता मिळाली. जागरूक समाजापुढे प्रशासनाला झुकावेच लागते, हाच त्याचा धडा.

म्हणून मागण्या सरळ आहेत. भराव टाळून जिथे खांब शक्य आहेत, तिथे खांबच हवेत. ज्या खाडीची हानी, त्याच खाडीत भरपाई हवी आणि ती कुऱ्हाड चालण्यापूर्वी सुरू व्हायला हवी. मोजदाद लावलेल्या रोपांची नव्हे, जगलेल्या झाडांची आणि परतलेल्या मासळीची व्हावी. ती करताना किनाऱ्यावरचा कोळी साक्षीला असावा.

रस्ता पुढच्या पिढीसाठी बांधायचा आहे ना? मग तिच्या दाराशी येणाऱ्या पाण्याचाही विचार आजच करावा लागेल. समुद्र सरकारी कागद वाचत नाही!