पळ काढण्याचे गणित



तुमच्यापैकी पुष्कळांनी पोकेमॉनचा खेळ खेळला असेल. निदान मित्राच्या खांद्यावरून डोकावून पाहिला तरी असेल. गवतातून चालता चालता पडदा एकाएकी लुकलुकतो, एखादा रानटी प्राणी समोर उभा ठाकतो आणि खाली एक चौकट उघडते. चौकटीत चारच पर्याय : लढा, आपला प्राणी बदला, पिशवीतील वस्तू वापरा, आणि अगदी कोपऱ्यात, पळा.

या कोपऱ्यातल्या शब्दाची मुलांनी फार नालस्ती करून ठेवली आहे. तो निवडायचा अवकाश, की शेजारी बसलेला ‘पळपुटा! पळपुटा!’ म्हणून ओरडलाच म्हणून समजा. मग बिचारा खेळणारा लाजेकाजेस्तव ‘लढा’ दाबतो आणि दोन मिनिटांत हरतो. गंमत अशी, की हीच मुले पुढच्या तासाला १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून कसे निसटले, हे छाती फुगवून ऐकतात! तिथे कोणी ‘पळपुटा’ म्हणत नाही. माझे तर म्हणणे असे, की त्या चौकटीतला सर्वांत शहाणा शब्द ‘पळा’ हाच आहे; मात्र तो वेळेवर दाबला पाहिजे. हे नुसते म्हणून भागायचे नाही. कागद-पेन्सिल घ्या, आपण हिशोबच करू.

ज्या खेळात खेळणारा स्वतः एखाद्या पात्राची भूमिका घेऊन हिंडतो, लढतो, अनुभवाचे गुण मिळवून बलवान होत जातो, त्याला भूमिका-खेळ म्हणू. संगणकावरचे असे खेळ जपानमध्ये घरोघर नेले ते १९८६ साली निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने. पुढे १९९६ साली आलेल्या पोकेमॉनने ते हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’ यंत्रावरून जगभर पोचवले. दोहोंतही पळण्याची सोय पहिल्यापासून आहे, आणि दोहोंतही हरण्याचा दंड सारखाच जबर : जवळचे निम्मे पैसे गेले!

आता पळ काढता येईल की नाही, हे यंत्र ठरवते कसे? पहिल्या पोकेमॉनची आज्ञावली जाणकारांनी ओळ न् ओळ उलगडून पाहिली आहे, त्यामुळे उत्तर नेमके ठाऊक आहे. आधी दोघांचे वेग पाहतात. तुमच्या प्राण्याचा वेग शत्रूइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रश्नच मिटला, तुम्ही सुटलात. तो कमी असेल, तर तुमच्या वेगाला ३२ ने गुणतात, शत्रूच्या वेगाला ४ ने भागतात आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागतात. समजा, तुमचा वेग ४० आणि शत्रूचा ८०. मग ४० × ३२ = १२८०; ८० ÷ ४ = २०; आणि १२८० ÷ २० = ६४. यानंतर यंत्र ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या चिठ्ठी काढावी तशी काढते. ती ६४ किंवा त्याहून लहान निघाली तर तुम्ही सुटलात. ० ते ६४ या झाल्या ६५ संख्या, आणि चिठ्ठ्या एकूण २५६. म्हणजे सुटण्याची संभाव्यता ६५/२५६, सुमारे २५ टक्के.

तुमच्यातला एखादा चिकित्सक विचारील, की ३२ ने गुणायचे आणि वर ४ ने भागायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ १२८ ने गुणून शत्रूच्या वेगाने भागले तरी उत्तर तेच! शंका अगदी रास्त आहे. पण गेम बॉयचा मेंदू पडला आठ बिटांचा. त्या खेळातल्या भागाकाराच्या सोयीत भाजक एका बाइटात, म्हणजे २५५ च्या आत, मावावा लागे. शत्रूचा वेग त्याहून मोठा असू शकतो, म्हणून आधी त्याचा चौथा हिस्सा करून घेतला. चिठ्ठ्याही २५६ च का, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. आठ बिटांत तेवढ्याच संख्या मावतात. तुटपुंज्या जागेत नेटका संसार थाटण्याची ही हातोटी मला फार आवडते.

पण खरी मौज पुढे आहे. पळणे फसले, तर शत्रूचा एक फटका बसतो. मात्र यंत्र तुमच्या फसलेल्या प्रयत्नाची नोंद ठेवते आणि पुढच्या खेपेस ६४ मध्ये ३० मिळवते. दुसऱ्या खेपेस हद्द झाली ९४; संभाव्यता ९५/२५६, सुमारे ३७ टक्के. तिसऱ्या खेपेस हद्द १२४. संभाव्यता १२५/२५६, सुमारे ४९ टक्के. म्हणजे नेटाने पळत राहणाऱ्याला यंत्र दर वेळी थोडा जास्त हात देते.

आता एक लढाई मांडू. तुमच्याजवळ एकच प्राणी उरला आहे, त्याची जीवनशक्ती ३० आहे. शत्रूचा एक फटका १० ने शक्ती कमी करतो. म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खलास. शत्रूला लोळवायला तुम्हाला पाच फटके लागणार, आणि तो तुमच्याहून वेगवान असल्याने दर फेरीत आधी मारणार. तुमचे दोनच फटके बसतील, तिसऱ्याआधी तुम्हीच आडवे व्हाल. ही लढाई हरलेलीच आहे. प्रश्न एवढाच, की पळायचे केव्हा?

पहिल्याच फेरीला पळू लागलात, तर तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही फसण्याची संभाव्यता १९१/२५६ × १६१/२५६ × १३१/२५६. गुणाकार करून पाहा, तो ०.२४ च्या आसपास येतो. म्हणजे १०० पैकी ७६ वेळा तुम्ही सुटाल. एक फेरी ‘बघू तर खरे’ म्हणून लढलात आणि मग पळू लागलात, तर प्रयत्न दोनच उरतात. १०० पैकी ५३ वेळा सुटाल. आणि दोन फेऱ्या लढून, जीव कंठाशी आल्यावर पळालात, तर एकच प्रयत्न. १०० पैकी अवघ्या २५ वेळा. शत्रू तोच, वेग तोच, नशीबही तेच! ७६ चे २५ झाले ते केवळ ‘आणखी एक फटका मारून पाहू’ या मोहापायी. ‘पळपुटा’ म्हणून ओरडणाऱ्या त्या शेजाऱ्याला हे तीन आकडे दाखवा.

हा मोह कुठून येतो? ‘दोन फटके मारलेत, आता ते वाया कसे घालवू?’ असे मन म्हणते. बुडालेला पैसा वसूल करण्यासाठी आणखी पैसा बुडवण्याचीच ही तऱ्हा. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली याविषयी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराची तिकिटे घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी न मागता सवलत दिली, काहींना पूर्ण किंमत भरायला लावली. कोणाला सवलत मिळावी, हे चिठ्ठीनेच ठरले होते. पहिल्या सहामाहीत पूर्ण किंमत भरलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटके सर्वांना सारखीच होती, पैसे तर केव्हाच गेलेले होते. तरी गेलेला पैसा माणसाला खुर्चीकडे ओढत होता. लढाईत मारून झालेले फटके हे त्या तिकिटासारखेच. पुढची चाल ठरवताना उरलेली शक्ती मोजायची असते, खर्चलेली नव्हे. परीक्षेत दहा मिनिटे घालवूनही न सुटणाऱ्या भूमितीच्या प्रश्नाला चिकटून बसणारी मुले शिक्षकांनी पाहिली आहेतच. वेगळे सांगायला नको.

प्राणी मात्र या बाबतीत आपल्याहून व्यवहारी दिसतात. ड्रॅगन क्वेस्ट निघाला त्याच १९८६ साली (हा निव्वळ योगायोग) रॉन यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल या कॅनडातील दोन जीवशास्त्रज्ञांनी पळण्याच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. तोवर सर्वसाधारण समजूत अशी, की भक्ष्याला भक्षक दिसला रे दिसला की ते पळते; उशीर झाला तर दिसायला उशीर झाला म्हणून. या दोघांनी म्हटले, तसे नाही. पळण्यालाही किंमत पडते. समोरचा चारा सोडावा लागतो, दम खर्च होतो, वेळ जातो. म्हणून प्राणी शत्रूकडे पाहत थांबतो. शत्रू जवळ येईल तसा थांबण्याचा धोका वाढत जातो, आणि तो पळण्याच्या किमतीइतका झाला की प्राणी उडी घेतो. हे तुम्हाला घराबाहेर पडूनही पाहता येईल. रेल्वेच्या फलाटावरचे कबूतर तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर दाणे टिपत राहते. माळावरचे कबूतर तुम्ही कितीतरी लांब असतानाच उडते. फलाटावरचे काही जास्त शूर नसते. माणूस आपल्याला धरत नाही हे त्याच्या अनुभवाला आले आहे आणि दाणे तर समोर आहेत, एवढाच त्याचा हिशोब.

मग खेळांतच ‘पळा’ हा शब्द इतका बदनाम का झाला? माझ्या मते दोष मुलांचा कमी आणि खेळ रचणाऱ्यांचा जास्त आहे. या सगळ्या खेळांचा पूर्वज म्हणजे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळत. त्याच्या जुन्या नियमांत राक्षस मारल्याचे गुण होते खरे, पण भुयारातून सोने बाहेर आणल्याचे गुण त्याहून पुष्कळ जास्त असत; एका मोहरेला एक गुण. तेव्हा राक्षसाला चुकवून, वेळ पडल्यास पळून, थैली घेऊन बाहेर येणारा खेळाडू हुशार ठरे. इतकेच काय, १९८१ च्या आवृत्तीत राक्षसांच्या धैर्यालाही आकडा होता. दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की राक्षस पाय लावून पळे किंवा शरण येई. शेवटच्या श्वासापर्यंत लढणे ही तिथे राक्षसाचीही सक्ती नव्हती.

संगणकावर येताना ही मेख गळून पडली. अनुभवाचे गुण प्रामुख्याने मारल्याचे; पळाल्याचे शून्य. गुणपत्रिकाच अशी लिहिली तर मुले काय शिकणार? ज्याने धोका ओळखून स्वतःला वाचवले, त्याला काहीच अनुभव आला नाही, हे यंत्राचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. काही रचनाकारांनी वेगळी वाट काढली. १९९४ च्या ‘मदर २’ या जपानी खेळात एखाद्या ठिकाणच्या म्होरक्याला तुम्ही हरवले, की तिथले किरकोळ शत्रू तुम्हाला पाहून आपणहून पळत सुटतात. २०१५ च्या ‘अंडरटेल’मध्ये तर कोणालाही न मारता खेळ शेवटास नेता येतो. पण असे खेळ थोडेच.

आता दुसरी बाजूही ऐकून घ्या. प्रत्येक लढाईतून पळणारा खेळाडू मी पाहिला आहे, आणि त्याची पुढे फटफजिती होताना पाहिली आहे. पोकेमॉनमध्ये रानटी प्राण्यापासून पळता येते. दुसऱ्या प्रशिक्षकाने आव्हान दिले तर पळण्याचा मार्ग बंद असतो. गवतातल्या प्रत्येक चकमकीतून जो निसटला, त्याचे प्राणी कच्चे राहतात आणि पहिल्याच कसलेल्या प्रशिक्षकापुढे मार खातात. पळण्याची किंमत अशी उधारीवर चढते. म्हणून पळणे स्वस्त केव्हा आणि महाग केव्हा, हे जागा पाहून ठरते. माउंट मूनच्या गुहेत झुबॅट नावाची वटवाघळे पावलापावलाला आडवी येतात. एकेकटी ती दुबळी. पण गुहेचे तोंड अजून दूर आहे आणि पिशवीत औषधाची एकच कुपी आहे, तर जिंकता येण्याजोग्या लढाईतूनही पळावे. उलट गावाच्या वेशीपाशी असाल, औषधोपचार चार पावलांवर असेल, तर जरा भारी शत्रूशीही दोन हात करून पाहायला हरकत नाही.

शिक्षकांना एक विनंती. वर दिलेली लढाई वर्गात यंत्राशिवाय खेळता येते. ० ते २५५ ही चिठ्ठी काढायला एक नाणे पुरते. ते आठ वेळा उडवा. पहिल्या उडवणीला छाप पडला तर १२८ लिहा, दुसऱ्या वेळी ६४, मग ३२, १६, ८, ४, २ आणि शेवटी १. काटा पडला तर शून्य. आठांची बेरीज म्हणजे तुमची संख्या. ० ते २५५ मधली प्रत्येक संख्या सारख्याच संभाव्यतेने येते, आणि द्विमान पद्धतीचा धडाही फुकटात होतो. वर्गात ४० मुले असतील, तर प्रत्येकाने ती लढाई तीनदा खेळावी : एकदा पहिल्या फेरीपासून पळत (हद्दी ६४, ९४, १२४), एकदा एक फेरी लढून मग पळत (६४, ९४), आणि एकदा दोन फेऱ्या लढून (फक्त ६४). कितीजण सुटले ते फळ्यावर तीन रकान्यांत मांडा. हिशोबाने साधारण ३०, २१ आणि १० यायला हवेत. नेमके तेवढेच येणार नाहीत. किती कमी-जास्त येतात ते वहीत टिपून ठेवा, आणि शेजारच्या तुकडीनेही खेळ केला तर तिचे आकडे त्यांच्यापुढे लिहा.